उतारावरची गाडी

इंदुबाई लोंढे जत्रांमधून आकाशपाळणा लावायच्या. गेल्या वर्षी घाटाच्या उतारावर पाळण्याच्या जड ट्रेलरनं तो ओढणारी त्यांची पिकअपच पुढे ढकलत नेली आणि त्यात त्यांचा नवरा गेला. नवी पिकअप घ्यायला त्या एकट्याच शोरूममध्ये गेल्या.

मालक जहागीरदारांनी एका चकचकीत गाडीवर थाप मारली. "ही घ्या. तुमचा ट्रेलर काय, डोंगरसुद्धा ओढेल!"

"ओढेल हो. पण उतारावर ट्रेलर मागून रेटायला लागला, तर थांबवेल का?"

"बाई, तुम्हाला गाडीतलं काय कळणार? घरातल्या पुरुषाला पाठवा."

इंदुबाई म्हणाल्या, "ते आता यायचे नाहीत. तुम्हीच चला. ट्रेलर जोडून मी ही गाडी घाटातून खाली आणते. तुम्ही फक्त गाडीच्या पुढे चालत राहा."

जहागीरदारांनी गाडीवरचा हात काढून घेतला. "त्यापेक्षा ती वजनदार गाडी बघा," ते हळूच म्हणाले. "आणि ट्रेलरलाही वेगळे ब्रेक बसवून घ्या."

इंदुबाईंनी तसंच केलं. पुढच्या जत्रेला जाताना ट्रेलर घेऊन गाडी सगळा घाट शांतपणे उतरली. पायथ्याशी पोचल्यावर "अहो, बघितलंत?" म्हणत त्या हसून शेजारच्या सीटकडे वळल्या. तिथं कुणीच नव्हतं.