यशोधराचा आवाज

“तिच्यात असं काय होतं, सर, जे माझ्यात नाही?”

मुजावर सरांनी हरभऱ्याचा घाटा अंगठ्याने दाबला. दोन हिरवे दाणे ताटलीत पडले.

“बस आधी. उन्हातून आलायस.”

वर्धमान मगदूम बसला नाही. जयसिंगपूरहून मिरजेपर्यंत त्याने हा प्रश्न मोटारसायकलवर तोंडातल्या तोंडात घोळवला होता. आता तो एकदाचा बाहेर पडला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत टेकायची त्याची तयारी नव्हती.

“एम.ए.ला पहिला कोण आला होता?”

“तू.”

“ध्वनिविज्ञानात सगळ्यात जास्त मार्क कुणाला?”

“तुलाच.”

“आणि आवाजाचा आलेख कॉम्प्युटरवर कसा काढायचा, हे यशोधरा कांबळेला कुणी शिकवलं?”

“तू शिकवलंस. रोज चहा पाजून शिकवायचास, असं ऐकलं होतं मी.”

“तीच पाजायची… पण मुद्दा तो नाही, सर!”

सर मिशीतल्या मिशीत हसले आणि पुढचा घाटा उचलला.

मिरजेच्या दर्ग्यामागच्या बोळात त्यांचं घर होतं. उभा जन्म भाषाविज्ञान शिकवण्यात गेला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी परदेशी विद्यापीठांत जाऊ पाहणारी पोरं शिफारस मागायला त्यांच्याच दारात येत. तिकडे दर्ग्यात नवस बोलणाऱ्यांची रीघ, इकडे ही रीघ. सर म्हणत, गर्दी सारखीच आहे, फक्त माझ्यावर अजून कुणी चादर चढवत नाही.

वर्धमान आणि यशोधरा, दोघांनाही त्यांनीच घडवलं होतं. दोघांनी जर्मनीतल्या एकाच विद्यापीठात, एकाच प्राध्यापकाकडे अर्ज केला होता. यशोधरा गेली. वर्धमान राहिला. पुढच्या खेपेला त्याने पुन्हा अर्ज केला आणि पुन्हा राहिला.

आता तो सांगलीत एका क्लासमध्ये इंग्रजी संभाषण शिकवत होता. ‘हाऊ आर यू’ म्हणताना ओठ किती गोल करायचे, हे लग्न ठरलेल्या मुलींना आणि बँकेतल्या कारकुनांना सांगत होता. संध्याकाळी घरी आला की फोनवर यशोधराचे फोटो उघडायचे. बर्फात उभी यशोधरा. काचेच्या ग्रंथालयात यशोधरा. लाल मफलर गुंडाळून कुठल्याशा परिषदेत बोलणारी यशोधरा. फोटो बोटांनी मोठा करून तो तिच्या मागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचत बसे. एकेका पुस्तकासरशी पोटात आग पडे, आणि तरी पुढचं नाव वाचल्याशिवाय राहवत नसे.

“सांगा ना, सर. काय होतं तिच्यात?”

“तुला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं? तिला मिळणारच होतं. त्यांना काय, सगळीकडेच…”

सरांचे हात थांबले.

“पूर्ण कर.”

वर्धमानने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला.

“पूर्ण कर ना. वाक्य अर्धं सोडायला मी कधी शिकवलं?”

“…काही नाही, सर.”

“बरं. घरी जाऊन पूर्ण कर. एकट्याने, पण मोठ्याने. स्वतःच्या कानांना ऐकू येईल असं.”

वर्धमानचे कान तापले. दर्ग्याकडून कव्वालीच्या पेटीचे सूर आले, थांबले. कुणीतरी पेटी नुसती तपासून पाहत असावं.

“आलास कशाला, ते सांग,” सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यामुळे वर्धमानला जास्तच लागलं.

“शिफारस हवीय. त्याच विद्यापीठासाठी, त्याच प्राध्यापकासाठी. आणि या वेळी तुम्ही सरळ लिहायचं, की मी तिच्यापेक्षा सरस आहे.”

“कशात?”

“ऐकण्यात. भाषाविज्ञानात दुसरं असतं काय, सर? कान! तुम्हीच म्हणायचात. तिला जे ऐकू येत नाही, ते मला येतं. परीक्षा घ्या हवी तर.”

“घेऊ की. नमुना कुठला घ्यायचा?”

“आहे माझ्याकडे.” वर्धमानने खिशातून फोन काढला, आणि पिशवीतून एक मोठा, चार घड्या पडलेला कागद. “तिचाच आहे. तिने मला एक निरोप पाठवला होता, तिच्या आवाजात. तिची मराठी कशी बिघडलीय बघा. फॉरेनचा माज आवाजात कसा चढतो, ते मी तुम्हाला शास्त्रशुद्ध दाखवतो.”

“दाखव,” सर म्हणाले, आणि ताटली बाजूला सारून त्यांनी त्याला सतरंजीवर जागा केली.

आता मात्र तो बसला.

कागद उलगडला. त्यावर यशोधराचं सगळं बोलणं ध्वनिलिपीत उतरवलेलं होतं. एकही काना-मात्रा सुटलेली नव्हती. लाल शाईत स्वर, हिरव्या शाईत आघात, आणि ती थांबली असेल तिथे तिथे लहानमोठ्या उभ्या रेघा.

“हे पहिलं. आपल्याकडे आपण शब्दाला शब्द चिकटवून बोलतो, बरोबर? ही तोडून बोलते. एक एक शब्द वेगळा. दुसरं, शब्दाचा शेवट आपण गिळतो. ही गिळत नाही, तोंडभर उच्चारते. तिसरं, तिचा हेल गेलाय. जयसिंगपूरची पोरगी, वाक्य संपताना हिचा आवाज असा वर जायचा. आता सपाट. बातम्या वाचल्यासारखा.”

“बरोबर,” कागदावर वाकून सर म्हणाले. “पुढे?”

“श्वास बघा. वाक्याच्या आधी घेते. मध्ये नाही. आणि ही रेघ… हा सगळ्यात लांब विराम. ‘तू जयसिंगपुरातच आहेस ना?’ असं विचारते आणि थांबते. का थांबते? टोमणा मुरावा म्हणून! की बाबा, मी कुठे पोचले आणि तू आहेस तिथेच.”

सरांनी त्या लांब रेघेवर बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

“हे किती वेळा ऐकलंस?”

“मोजलं नाही. रोज ऐकतो.”

“रोज?”

“झोपायच्या आधी… म्हणजे, अभ्यास म्हणून.”

“वर्धमान,” सर सावकाश म्हणाले, “एका माणसाचं बोलणं इतकं जीव लावून ऐकलेला विद्यार्थी मला आजपर्यंत मिळाला नव्हता.”

वर्धमानची छाती भरून आली. त्याने सरांकडे पाहिलं. सर थट्टा करत नव्हते.

“यशोधरानेही नाही ऐकलं कधी असं?”

“तिनेही नाही.”

याच दोन शब्दांसाठी तो उन्हातून आला होता. पोटातली ती रोजची आग क्षणभर विझली. डोळ्यांपुढे बर्फ आला, काचेचं ग्रंथालय आलं, आणि त्यात लाल मफलर गुंडाळलेला तो स्वतः.

“आता ऐकव,” सर म्हणाले.

त्याने फोन सतरंजीवर ठेवला आणि बटण दाबलं.

“वर्धमान… मी यशू. कसा आहेस… इथे आता दुपारीच अंधारून येतं. … ऐक ना. आमच्याकडे एक तास असतो. कुणालाच येत नाही अशा भाषेचा माणूस मधोमध बसवायचा. त्याला विचारून विचारून त्याच्या भाषेचं व्याकरण लिहायचं. यंदा त्यांना माणूस मिळेना. म्हणून मलाच बसवलंय.”

एक लहान विराम. वर्धमानने कागदावरची रेघ बोटाने दाखवली. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“ते विचारतात, ‘माझ्या आईला ताप आला आहे’ हे तुझ्या भाषेत कसं म्हणतात. मी म्हणून दाखवते. ते म्हणतात, सावकाश म्हण. मी सावकाश म्हणते. पुन्हा म्हण. पुन्हा म्हणते. सगळा वर्ग खाली मान घालून लिहून घेतो. चांगले आहेत रे सगळे. केकबिक आणतात माझ्यासाठी. … दिवसभर मराठी बोलते मी, वर्धमान. पण कुणाशी नाही बोलत.”

पुन्हा विराम. फोनमधून लांब कुठेतरी दार लागल्याचा आवाज आला.

“परवा मी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणून टाकलं… ‘माझ्या आईला खरंच ताप आला आहे.’ तेही लिहून घेतलं त्यांनी. एकाने विचारलं, ‘खरंच’ हा शब्द वाक्यात आणखी कुठे कुठे बसू शकतो. … मी सांगितलं.”

ती हसली. ते हसूही कागदावर होतं, हिरव्या शाईत.

“आई फोनवर म्हणते, बरी आहे. ती तसंच म्हणणार. … तू जयसिंगपुरातच आहेस ना?”

आणि मग तो लांब विराम.

“…बरं. काहीतरी बोल ना तू. शिवी दे हवं तर. ठेवते.”

फोन गप्प झाला.

वर्धमान विजयाने सरांकडे वळला. “ऐकलंत? शब्द कसे तोडते…”

सर सतरंजीवर ओणवे झाले होते. त्यांचं तोंड फोनच्या अगदी जवळ गेलं होतं.

“अगं बेटा,” ते फोनला म्हणाले, “आईचा ताप उतरला का?”

वर्धमानला आधी कळेना. मग हसूच फुटलं. आवाजांच्या शास्त्रात जन्म घालवलेला माणूस, आणि बंद फोनशी बोलतोय!

“सर! अहो, फोन लागलेला नाही. साठवून ठेवलेला निरोप आहे तो.”

“हो का?” सर ताठ बसले. “मला वाटलं, ती थांबलीय.”

“कधीचा निरोप?” त्यांनीच विचारलं.

“दिवाळीनंतरचा.”

“आता संक्रांत झाली.”

“हो.”

“मग? उतरला का?”

“काय?”

“ताप.”

वर्धमानची नजर आपोआप कागदावर गेली. ‘ताप’ शब्द तिथे होता. त्यातला लांबलेला स्वर होता, ओठ मिटतानाचा सूक्ष्म झटका होता, स्वर किंचित थरथरला होता त्याचीही खूण होती. ती खूण सापडली त्या रात्री तो किती खूश झाला होता. एवढा बारकावा यशोधराला जन्मात टिपता आला नसता, असं तेव्हा वाटलं होतं.

“मला… माहीत नाही.”

“राहते कुठे तिची आई?”

“जयसिंगपुरात. दहाव्या गल्लीत.”

“एकटी?”

“हो.”

“आणि तू?”

“…सातव्या.”

बाजाराला जायचा जवळचा रस्ता दहाव्या गल्लीतूनच होता. यशोधरा गेल्यापासून वर्धमान तिथून गेला नव्हता. कांबळेकाकू दारात बसलेल्या असतील, हाक मारतील, लेकीचं कौतुक सांगत अर्धा तास उभं करतील, या धास्तीने तो मोठा वळसा घालून मंडईत जाई. मेथीची जुडी आणायला एवढा लांबचा फेरा का, असं त्याच्या आईने एकदा विचारलंही होतं. तो तिच्यावर खेकसला होता.

“यशोधराला काय कळवलंस?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“मला वाटलं, ती मिरवतेय, सर.”

 सर कागद वाचत होते. चष्मा कपाळावर चढवून, अगदी शेवटच्या खुणेपर्यंत. वर्धमानला तो कागद त्यांच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. फाडावासा वाटला. आणि त्याच वेळी, आत खोल कुठेतरी, सरांनी अजून एकदा ‘बरोबर’ म्हणावं असंही वाटत राहिलं. ही आग विचित्र होती. ती स्वतःची राखही मोजून घेत होती.

“एक चूक नाही,” सर अखेर म्हणाले.

वर्धमानने मान खाली घातली.

दर्ग्याकडची पेटी आता नीट वाजू लागली होती. ताटलीतले सोललेले दाणे उन्हात आले होते. वर्धमान उठला, फोन खिशात टाकला, चपलेत पाय सरकवला. उंबऱ्याशी थबकला. विचारायचं नव्हतं. तरीही शब्द बाहेर पडलेच.

“आणि सर… शिफारस?”

सर उठले. त्यांनी कागदाच्या घड्या नीट घातल्या आणि पदवीदानाच्या समारंभात देतात तसा, दोन्ही हातांनी, तो त्याच्यापुढे धरला.

“शिफारस कशाला, वर्धमान? त्या वर्गात तू केव्हाचाच बसला आहेस.”