भरमूशेठचा बारा सुऱ्यांचा सेट

मिरजेच्या भरमूशेठच्या भांड्यांच्या दुकानात विमलताई दोन साध्या सुऱ्या घ्यायला गेल्या. शेठनी त्यांच्यापुढे बारा सुऱ्यांचा महागडा सेट मांडला.

"कांद्याची वेगळी, टोमॅटोची वेगळी. सुगरणीला एवढ्या लागतातच, ताई. दोन सुऱ्यांत कुठं स्वयंपाक होतो का?"

बाकीची गिऱ्हाइकं हसली.

तेवढ्यात शेठचा घरून डबा आला. झाकण काढताच भरल्या वांग्यांचा वास दुकानभर पसरला.

"वहिनी मोठ्या सुगरण दिसतात," विमलताई म्हणाल्या.

"अख्ख्या मिरजेत तिच्या तोडीची नाही!" शेठ फुगून म्हणाले.

"मग त्यांच्याकडे जेवढ्या सुऱ्या आहेत, तेवढ्याच मला द्या. खरं सांगा हं, समोर जेवण आहे."

शेठनी मुकाट्यानं सेट आवरला आणि विमलताईंच्या हातात एकच सुरी ठेवली.