सासण्यांच्या हॉलखालची गिरणी

तर झालं असं, तळमजल्यावरच्या अनुसयाबाईंनी राहत्या घरातल्या एका खोलीत पिठाची गिरणी टाकली होती. घर तिच्यावरच चालायचं. ती चालू ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला नगरपालिकेचे साहेब आले आणि बसले बरोब्बर त्या खोलीच्या वर, सोसायटीच्या चेअरमन सासण्यांच्या हॉलमध्ये. सासण्यांच्या बायकोला, सुलभाकाकूंना, मान वर करवेना. नवऱ्याने दटावून गिरणीविरुद्धच्या तक्रारीवर त्यांचीही सही घेतली होती आणि समोरच अनुसयाबाई बसल्या होत्या.

सासणे गरजले, "साहेब, ती गिरणी सुरू झाली की या हॉलमध्ये माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही! डोकं उठतं!"

"बाई, तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही साहेब. फक्त तुम्ही आल्यापासून गिरणी चालूच आहे. खाली सून दळतेय."

नीट कान दिल्यावर कुठे खालून मांजर गुरगुरल्यासारखा आवाज आला. दारात जमलेली पोरं फिदीफिदी हसली. साहेबांनी तिथल्या तिथे संध्याकाळी सहापर्यंतची परवानगी लिहून टाकली.

सासण्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. "भर मीटिंगमध्ये दळण कुणाचं काढलंत हो?"

अनुसयाबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या आपल्याला झाकतायत हे बघून सुलभाकाकूंना जमीन फाटून आत गेले तर बरं, असं झालं. शेवटी त्याच उठल्या.

"ओरडू नका. आपलंच आहे, भाजणीचं. सकाळी मीच मागच्या दाराने देऊन आले. आता पुढच्या दाराने आणते."