धुकं वाजवणारा गेनबा

फार वर्षं झाली. घाटाला तेव्हा सडक नव्हती, शिडीसारखी उभी निसणीची वाट होती. खाली कोकण, वर पानशीळ गाव आणि दोन्हींच्या मध्ये उभा कडा. वाट एका माणसापुरती. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. श्रावण-भादव्यात त्या वाटेवर धुकं यायचं आणि यायचं म्हणजे बसायचं. माणसाला आपले पाय दिसत नसत. दर साली एखादा माणूस कमी व्हायचा. गाव रडायचं आणि पुन्हा खाली उतरायचं, कारण मीठ खालीच मिळायचं.

त्या गावात गेनबा होता. गोऱ्यांच्या लढाईवर गेला होता, समुद्रापलीकडे. परत आला तेव्हा त्याच्या बरगडीत गोळीचा तुकडा होता आणि काखेत एक कातड्याची पिशवी. पिशवीला नळ्या होत्या. एक तोंडात धरून फुंकायची, तीन खांद्यावर टाकायच्या, आणि खाली एक पावा, बोटांनी वाजवायचा.

त्याची बायको ठकूबाई दारात उभी होती. तिने पिशवी पाहिली.

"लोकांचे नवरे लढाईवरनं ट्रंका आणत्यात. आमच्यांनी मेलेलं कोकरू आणलं."

"कोकरू न्हाई. बाजा हाय."

"मग वरडत का न्हाई?"

गेनबाने पिशवी फुंकली आणि कोपराने दाबली. कोंबड्या उडून कौलावर गेल्या. म्हशीने दावं तोडलं. असं म्हणतात की ती म्हैस तीन दिवसांनी शेजारच्या गावात सापडली, आणि तिथूनही ती पानशीळच्या दिशेला तोंड करायला तयार नव्हती.

ठकूबाई म्हणाली, "मेलेलंच बरं हुतं."

हा बाजा त्याला इस्पितळात मिळाला होता. लढाईच्या मागे तंबूंचं इस्पितळ होतं. गेनबाच्या डाव्या खाटेवर एक गोरा, उजव्या खाटेवर दुसरा. दोघेही पिशवी वाजवणारे, आणि दोघांचं एकाही गोष्टीवर जमत नव्हतं. डावीकडचा स्कॉटलंडच्या डोंगरातला. तो उभा राहून वाजवायचा, तोंडाने फुंकून, छाती फुगवून. वाजवताना तो चालायचा. तीस पावलं जायचा, तीस पावलं यायचा. त्याचा सूर एकदा सुटला की मध्ये थांबत नसे. दोन सूर वेगळे करायचे तर मध्ये बोट उडवून बारीक सुराची ठिणगी टाकावी लागे. त्याचा आवाज दोन डोंगर ओलांडायचा. उजवीकडचा आयर्लंड नावाच्या बेटावरचा. तो बसून वाजवायचा. तोंड लावायचाच नाही. कमरेला छोटा भाता बांधायचा, एका कोपराने भाता हलवायचा, दुसऱ्या कोपराने पिशवी दाबायची. पाव्याचं टोक मांडीवर टेकवलं की सूर गप्प. उचललं की पुन्हा बोलायचा. त्याचा आवाज खोलीपुरता, पण गोड.

गेनबा एकाला उभा म्हणायचा, दुसऱ्याला बसका.

उभा म्हणायचा, "बसून करतात ते शिवणकाम. वाजवणं नव्हे."

बसका म्हणायचा, "तुझं वाजवणं चांगलंच आहे. फक्त पुढच्या गावात बसून ऐकायला हवं."

उभा म्हणायचा, "भात्याने लोहार काम करतो. मर्दाला छाती असते."

बसका म्हणायचा, "छातीत ओल असते. माझ्या पाव्यातली सूर काढणारी पत्ती नाजूक आहे, ओल लागली की कुजते. तिला कोरडी हवा लागते."

"माझ्या पत्तीला ओलच लागते. कोरडी राहिली तर बोलत नाही."

"बरोबर आहे. मालकावर गेली. घोट मिळाल्याशिवाय तोंड उघडत नाही."

गेनबा वर्षभर तिथे पडून होता. दोघांचं पाहून शिकला. मन त्याचं उभ्याकडे गेलं. गेनबा डोंगरातला माणूस, त्याला मोठा आवाज कळायचा. एके दिवशी उभ्याला ताप चढला आणि उतरला नाही. जाताना त्याने आपली पिशवी गेनबाच्या खाटेवर ठेवली. म्हणाला, "उभं राहून वाजव. आणि चालत राहा." गेनबाने मान हलवली. गुरूला दिलेला शब्द होता.

परतल्यावर पहिल्याच भादव्यात तो शब्द त्याने पाळला.

गावची सात माणसं बाजार करून निसणीच्या वाटेने वर येत होती. गेनबाचा धाकटा भाऊ म्हादू त्यांत होता. मध्येच धुकं बसलं. वरून हाका मारल्या, कुकारे घातले. पण तिथे तीन कडे समोरासमोर आहेत. कुकारा तुटक असतो, तो कड्यांवर आपटून तीन ठिकाणांहून परत येतो. खालच्याला कळत नाही की माणूस कुठे आणि कडा कुठे. गेनबाला वाटलं, न तुटणारा सूर आपल्याजवळ आहे. तो वर कड्याच्या माथ्यावर गेला, छाती भरली आणि वाजवायला लागला. खालून म्हादूची हाक आली, "ऐकू आलं रं दादा! वाजीव!"

गेनबा खूष झाला. आणि शिकवलं होतं तसं चालायला लागला. तीस पावलं तिकडे, तीस पावलं इकडे.

खाली माणसं सुरामागे वळली. म्हादू सगळ्यांत पुढे होता. सूर डावीकडे गेला, म्हादू डावीकडे गेला. डावीकडे वाट नव्हती.

बाकीची सहा माणसं जागीच बसली, म्हणून राहिली. धुकं उठल्यावर ती वर आली. त्यांतला एक म्हातारा गेनबाजवळ थांबला. म्हणाला, "सूर हालत हुता, गेनबा." एवढंच म्हणाला आणि घरी गेला. गावात कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

गेनबाने बाजा खुंटीला टांगला. पुढे बारा वर्षं तो वाजला नाही. गेनबा सकाळी उठायचा, रानात जायचा, यायचा, भाकरी खायचा, भिंतीला टेकून बसायचा. बोलायचा कमी. बरगडीतला तुकडा गंजला असावा, कारण छाती आतून बसत गेली. चार पायऱ्या चढला की दम लागायचा. दसऱ्याला मात्र कातड्याला तेल लावायचा. ठकूबाईने एकदा विचारलं, "वाजवायचा न्हाई, मग तेल कशाला?" तो म्हणाला, "तडकंल." तिने पुन्हा विचारलं नाही.

मग ते साल आलं. गौरी तोंडावर आल्या होत्या. ठकूबाई आणि आणखी वीस जणं खाली बाजाराला गेली. परतताना अर्ध्या वाटेवर धुकं बसलं, आणि असं बसलं की म्हातारी माणसंही म्हणाली, असं पाहिलं नाही. दिवस उगवला की मावळला ते कळेना. खालून कुकारे येत होते. पहिल्यांदा मोठे, मग बारीक.

चिमा लोहार गेनबाकडे आला. चिमाची लेक त्या विसांत होती.

"गेनबा, बाजा काढ."

"छाती ऱ्हायली न्हाई."

"वैनी बी खाली हाय."

"ठावं हाय मला."

"मग?"

गेनबाने खुंटीवरचा बाजा काढला, नळी तोंडात धरली आणि फुंकला. अर्धी पिशवीही भरली नाही. खोकला आला, आणि खोकल्याबरोबर रक्त आलं. तो भिंतीला टेकून बसला. डोळे मिटले. चिमाला वाटलं, संपलं. पण गेनबा आठवत होता. उजव्या खाटेवरचा माणूस, त्याची कोपरं, त्याचा भाता.

"चिमा, तुझा हातभाता दे."

"आन् मी फुंकू कशानं?"

"तोंडानं. तुझी छाती हाय अजून."

चिमाने लहान भाता आणला. फुंकायच्या नळीला वादीने आवळून बांधला, वर मेण लावलं. गेनबाने कोपराने भाता हलवला, दुसऱ्या कोपराने पिशवी दाबली. पिशवी भरली, पण सूर निघेना. नुसतं सूं सूं. गेनबाच्या घरात आगटी धगधगत होती, हवा कोरडी ठाक. उभ्याची पत्ती कोरडी राहून बसली होती.

चिमा खाली बसला. म्हणाला, "हे बी मेलं."

गेनबा म्हणाला, "कड्यावर न्या मला."

त्याला खांद्यावर घालून नेलं. वाट जिथे माथ्यावर निघते तिथे एक सपाट धोंडा आहे. गेनबा म्हणाला, हितं. बाजूला नको, बरोबर वाटेच्या तोंडाशी. त्याला बसवलं. बसताना तो कुणाला तरी म्हणाला, "माफ कर. चालायला पाय न्हाईत आता." ते म्हादूला म्हणाला की त्या गोऱ्याला, ते कुणालाच माहीत नाही.

त्याने भाता उघडला. भात्यात धुकं शिरलं. भाता मिटला, धुकं पिशवीत गेलं. पत्तीला ओल मिळाली आणि ती बोलली.

असं म्हणतात की तसा आवाज त्या डोंगरात आधी झाला नव्हता आणि नंतरही झाला नाही. तो उभ्यासारखा मोठा होता आणि बसक्यासारखा एका जागी होता. कड्यांवर आपटून तोही परत आला, पण मूळ सूर थांबतच नव्हता, तेव्हा खालच्यांना खरा कुठला ते कान देऊन देऊन कळलं. सूर हलत नव्हता. दोरी बांधल्यासारखा वरच्या धोंड्यावरून खाली लोंबत होता. माणसं त्याला धरून चढायला लागली.

किती वेळ वाजवलं? कुणी म्हणतात दोन दिवस, कुणी म्हणतात चार. चिमा शेजारी बसून होता. तो सांगायचा, "मी म्हनलं, घडीभर थांब, पानी पी. तर मानंनंच न्हाई म्हनला. थांबला तर खाली पाऊल टाकलेला मानूस थांबनार कुठं?" भाता उघडला की धुकं आत ओढलं जायचं. प्रत्येक दाबाला धोंड्याभोवतीचं धुकं वीतभर विरायचं. पहिल्यांदा गवत दिसलं. मग वाटेचं तोंड. मग वाटेवरचं पहिलं डोकं.

वर येणारा प्रत्येक जण धोंड्याजवळ थांबून "आलो" म्हणायचा, कारण गेनबाचे डोळे मिटलेले होते. चिमाची लेक आली. तिच्या मागून विसांतली उरलेली आली. ठकूबाई आली नव्हती. तिने सगळ्यांना पुढे घातलं होतं. मागे राहिलेला घाबरतो, म्हणून मागे ती राहिली होती. गेनबा वाजवत होता. बोटं वळत नव्हती, त्यामुळे आता एकच सूर होता, पण तो जागचा हलला नाही.

ठकूबाई आली. डोक्यावर मिठाची पाटी तशीच. तिने पाटी खाली ठेवली.

"आले मी. सगळी आली. अहो, उठा आता."

गेनबा उठला नाही.

असं म्हणतात की त्याचं कोपर नंतरही बराच वेळ हलत होतं. माणूस थांबला होता, हात थांबला नव्हता. शेवटी ठकूबाईने आपला हात त्या कोपरावर ठेवला, तेव्हा ते निवलं. चिमाने वादी सोडली. पिशवीतून पांढरं धुकं बाहेर आलं, आणि कितीतरी वेळ येत राहिलं. हात धरला तर ते कोमट लागत होतं, असं त्या दिवशी तिथे असलेल्या सगळ्यांनी सांगितलं.

आता घाटाला सडक आहे. बाजा राहिला नाही, कातडं उंदरांनी नेलं. धुकं मात्र अजून तसंच बसतं, आणि निसणीच्या वाटेने अजून माणसं येतात. धुकं बसलं की पानशीळ गावात पाळी लागते. ज्या घराची पाळी, त्या घरातलं एक माणूस त्या धोंड्यावर जाऊन बसतं. कुणी शंख फुंकतो, कुणी पितळी वाजवतो, पोरं शाळेची शिट्टी नेतात. उभं राहायचं नाही. जागा सोडायची नाही. वर येणाऱ्याने "आलो" म्हणायचं. आणि शेवटी येतो त्याने बसलेल्याच्या कोपराला हात लावून म्हणायचं, "उठा आता, गेनबा." बसलेली दहा वर्षांची पोर असली तरी तसंच म्हणायचं.

आणि बसलेल्याने लगेच उठायचं. चेष्टेनेही उशीर करायचा नाही. तेवढं एक गाव फार बारकाईने पाहतं.