विकलेल्या म्हशीचं दावं

"म्हैस गेली, बाबा. मग म्हशीवरचा बोजा कुठं गेला?"

धुळाप्पा गवळ्याने प्रश्न असा टाकला, जणू त्याचं उत्तर जगात कुणापाशीच नाही. जनावरांच्या बाजारात भल्याभल्या दलालांना पाणी पाजणारा हा गडी. आता फकीर काय म्हणतो ते ऐकायला तो समोर उकिडवा बसला.

बाजाराच्या कडेला, चिंचेखाली, फकीर नूरबाबा चुलीवर चहा उकळत होते. त्यांनी मान वर केली.

"कसला बोजा?"

"हौसाक्काचा. आमची शेजारीण. तिनं पाटल्या मोडून चाळीस हजार दिले, तवा ही म्हैस आली. कागद केला. म्हैस माझ्या गोठ्यात ऱ्हाईल, पण विकली तर आधी तिचे पैसे."

"मग दे की."

"ऐका तर! कागदावर म्हैस हाय, नोटा न्हाईत. म्हैस आज साठ हजाराला गेली. आता अक्कानं नव्या मालकाच्या गोठ्यात जाऊन बोजा हुडकावा."

स्वतःच्या हुशारीवर तो खूश होऊन हसला. बाबा हसले नाहीत, पण प्रश्न त्यांना आवडला असावा. ते जरा पुढे सरकून बसले.

"अक्काला घाई आहे?"

"सोमवारी पोरीच्या नर्सिंगची फी भरायची हाय तिला." धुळाप्पाचा आवाज उतरला. "पण मलाबी आजच दुसरी म्हैस घ्यायचीय. ती बघा, मुऱ्हा, नुकतीच व्यालीय. साठाच्या खाली येत न्हाई. ती हातची गेली तर माझा गोठा रिकामा... तुम्ही नुसतं हो म्हणा, बाबा."

बाबांनी चहा गाळला. मग त्याच्या खांद्याकडे बोट केलं.

"हे काय?"

"दावं."

"म्हैस विकलीस ना?"

"विकली. पण दावं कोण देतं? घेणाऱ्यानं आपलं आणायचं. आपलं दिलं की गोठ्याची बरकत जाती. आज्यापासनं रीत हाय आमची."

"म्हणजे म्हैस गेली... आणि बांधायचं तुझ्याकडंच राहिलं."

धुळाप्पाने दावं खांद्यावरून उतरवलं आणि हातात घेऊन बघत राहिला. म्हशीच्या गळ्याजवळचा भाग अजून ओलसर होता. सहा वर्षं रोज सकाळी त्याने ते सोडलं होतं.

"नोटा ठेव इथं."

त्याने रुमालात बांधलेले साठ हजार पुढे ठेवले. बाबांनी दाव्याचा फास रुमालाभोवती टाकला, गाठ आवळली आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"जा. अक्काच्या दारात बांध. तिचं तिला काढून घेऊ दे."

शेजारी बसलेले दोघे बैलवाले खो खो हसले. धुळाप्पाला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. पलीकडे मुऱ्हा निवांत रवंथ करत उभी होती. तिच्याकडे बघत, जन्माच्या सवयीने, तो घासाघीस करायला लागला.

"बाबा... तिचे अर्धे आज देतो, मुऱ्हाला कमी पडतील ते उसने काढतो. अर्धे दिवाळीला."

बाबांनी चहाची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"अर्धी म्हैस घराकडं चालताना पाहिलीस कधी?"