एका दिव्याची गाडी

भंगारातल्या वस्तू अजून बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. सर्जेराव मिस्त्रीने भंगारातले भाग जोडून जुन्या धाटणीची, बिनटपाची शर्यतीची गाडी बांधली. तिचा उजवा दिवा पितळी होता, डावा टेम्पोवरचा साधा पत्र्याचा.

दसऱ्याला गाडी ओवाळताना मिस्त्रीची बायको म्हणाली, "हा उजवा कसा राजबिंडा दिसतोय!" हारही तिने त्यालाच घातला. डाव्याचा नुसता जळफळाट झाला.

"त्याला सोड गं," तो उजव्याच्या वायरीला म्हणाला. "मग बघ, लोक मलाच बघतील."

वायर सुटली. तिन्हीसांजेला गाडी निघाली तेव्हा डावा एकटाच ऐटीत पेटला. समोरच्या ट्रकवाल्याला वाटलं, मोटारसायकल येतेय. त्याने तेवढीच वाट सोडली आणि गाडीची उजवी बाजू पार चेपली. मिस्त्री थोडक्यात वाचला.

दोन्ही दिवे परत भंगारात आले. डाव्याला ओरखडासुद्धा नव्हता.

चेपलेला उजवा म्हणाला, "आता तू एकटाच आहेस. झळक की!"