तेवीस तासांचं टोपरं

एकदा एक तरुण आई आपल्या सात महिन्यांच्या मुलाला कडेवर घेऊन तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत शिरली आणि तोंडाशीच थबकली. ज्या वृद्ध कारागिराकडे ती निघाली होती, त्याच्या दुकानाच्या पायरीवर दोन माणसं बसलेली दिसत होती. तिने इकडेतिकडे पाहिलं. मुलाच्या डोक्यावरच्या निळ्या हेल्मेटचा पट्टा चर्रकन सोडला, हेल्मेट पिशवीत टाकलं, त्यावर दुपटं पसरलं आणि मग पुढे पाऊल टाकलं.

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," ती स्वतःशीच म्हणाली. हे वाक्य तिने गेल्या महिन्याभरात इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते खरं आहे की नाही हे तपासायचं तिने सोडून दिलं होतं. वास्तविक ती महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवायची. दहा-दहा मिनिटांची बेरीज किती होते हे तिला कुणी सांगायला नको होतं.

मुलाचं नाव अन्वय. त्याच्या डोक्याची मागची उजवी बाजू चपटी झाली होती. जन्मापासून त्याची मान एका अंगाला किंचित आखडलेली होती, म्हणून तो पाळण्यात सदैव उजवीकडेच तोंड करून निजायचा. हे तिच्या उशिरा लक्षात आलं. मग मानेचे व्यायाम झाले, पाळण्याची दिशा बदलून झाली, पोटावर पालथं घालून खेळवणं झालं. दोन महिन्यांत मान सुधारली, पण डोकं होतं तसंच राहिलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मेंदूला कसलाही धोका नाही. पण चपटेपणा बराच आहे, कानही एका बाजूला पुढे सरकतोय. हेल्मेटचा विचार करा." पुण्याला नेऊन माप घेतलं, हेल्मेट बनून आलं. दिवसाचे तेवीस तास घालायचं. अंघोळीपुरता एक तास सुट्टी.

हेल्मेट बसवणाऱ्या तज्ज्ञांनी तिला नीट समजावलं होतं की ते डोकं दाबत नाही. जिथे डोकं चपटं आहे तिथे आत मोकळी जागा ठेवलेली असते आणि वाढणारं डोकं हळूहळू त्या जागेत भरतं. तिला हे पटलं होतं. अडचण हेल्मेटची नव्हती, अडचण माणसांची होती.

बाळ बघायला माणसं येत. सात महिने झाले तरी येतच होती. आणि येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच म्हणे.

"अगंबाई, पडला का गं?"

"फिट येते का त्याला?"

मालिश करणारी गंगव्वा तर उंबऱ्यातूनच सुरू व्हायची. "माझ्या हातात महिनाभर दिलं असतंत, तर नारळासारखं गोल करून दिलं असतं. हे कसलं मोटारसायकलवाल्याचं सोंग लेकराला!" सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांनाही चारचौघांत उत्तर सुचत नसे. बेल वाजली की त्या हळूच म्हणत, "तेवढ्यापुरतं काढ गं." उष्टावणाच्या दिवशी तर सकाळपासून रात्रीपर्यंत हेल्मेट कपाटातच राहिलं. चांदीच्या वाटीसमोर, मामाच्या मांडीवर हेल्मेट घातलेलं बाळ कुणाला फोटोत हवं असतं?

आणि सासूबाईंना दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण काढणारे हात तिचे स्वतःचेच होते. प्रत्येक प्रश्नाच्या तळाशी तिला एकच प्रश्न ऐकू येई: तू कुठे बघत होतीस?

काल पुण्याला महिन्याभरानंतरचं माप झालं. फरक जवळजवळ नव्हता. तज्ज्ञ बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "रोज किती तास घालता?"

"तेवीस," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"मग कळत नाही," ते म्हणाले. "साच्यातच चूक असावी. मला आतला थर कापून जागा बदलावी लागेल. परवा ठरवतो. अजून आठ आठवडे डोकं चांगलं वाढेल, नंतर वाढीचा वेग मंदावत जातो. तेवढ्यात जे होईल ते."

परतीच्या अख्ख्या प्रवासात तिला ते दोन 'रोज' आठवत राहिले. घरी काही बोलायची सोय नव्हती. म्हणून आज ती या गल्लीत आली. लग्नाआधी दोन वर्षं ती या वृद्धाकडे तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर मोकळा करायला, शिकली होती. तो सगळ्या गावाचा चाचा होता, आणि ती त्याची एकुलती एक पदवीधर शिष्या. येताना तिने निमित्त म्हणून स्वतःचा जुना तंबोराही आणला नव्हता, इतकी ती भांबावलेली होती.

"ये बेटा," चाचा म्हणाला. त्याने बाळाकडे पाहिलं. घामाने चिकटलेले केस, कपाळावर हेल्मेटच्या काठाची तांबूस रेघ. "बस. भोपळ्यांना पाय लावू नको."

त्याच्या पुढ्यात नवा तंबोरा होता. भोपळा आणि दांडी त्याच दिवशी सकाळी सरस लावून जोडली होती आणि सांध्यावर सुतळीचे पंधरा-वीस वेढे करकचून आवळले होते. असा सांधा आठ दिवस हलवायचा नाही, हा तिने या दुकानात शिकलेला पहिला धडा होता.

पायरीवर बसलेल्या दोघांपैकी एक वाद्यांचा व्यापारी होता. हा तंबोरा त्याच्याच मागणीचा होता. तो म्हणाला, "चाचा, सांधा कसा बसलाय बघू तरी. या सुतळीत काही दिसेना. नुसतं गवताच्या भाऱ्यासारखं दिसतंय."

तिला वाटलं, आता चाचा कडाडणार. पूर्वी एका गवयाने अशीच मागणी केली तेव्हा त्याने त्याला चपला घालायलाही वेळ दिला नव्हता. पण आज चाचा शांतपणे म्हणाला, "खरंय. वाईट दिसतं." आणि त्याने सुतळीची गाठ सोडली. एकेक वेढा उलगडला. व्यापाऱ्याने वाकून पाहिलं, "वा, सुरेख!" म्हणाला आणि समाधानाने चहाला निघून गेला. चाचाने पुन्हा वेढे घातले.

ती अर्धवट उठली. पण गुरूला टोकायचं कसं? वय झालं असेल, तिने स्वतःची समजूत घातली.

दुसरा माणूस शेजारचा शिंपी होता. त्याने काही मागितलंही नव्हतं. चाचाच त्याला म्हणाला, "तू पण बघ ना. लाजतोस काय?" आणि पुन्हा सुतळी सुटली.

"मी कुठं मागितलं चाचा," शिंपी कानकोंडा झाला. "दिसलं, छान आहे. बांधा आता ते."

"बांधतो. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

शिंपी गेला. चाचाने वेढे घातले, पण त्याच्या म्हाताऱ्या बोटांना पहिल्यासारखा ताण जमेना. तिला बसल्या जागेवरून दिसलं, दांडी केसभर सरकली होती. भोपळ्याच्या गळ्याशी एक बारीक काळी फट उघडली होती. तिचे हात शिवशिवले.

तेवढ्यात गल्लीतून एक गाय आली आणि पायरीपाशी उभी राहून आत बघू लागली. चाचाने तिसऱ्यांदा गाठीला हात घातला.

"चाचा!" ती ओरडलीच. अन्वय दचकून रडू लागला. "अहो, ती गाय आहे!"

"गाय झाली म्हणून काय? बघतेय ना?"

"बघू दे की! तिला काय करायचंय? आठ दिवस सुतळी सोडायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? असं कुणी आलं की सोडायचं, गेलं की बांधायचं, तर सरस धरणार कधी? दिवसभर बांधून ठेवलं काय आणि..."

वाक्य तिच्या तोंडातच राहिलं.

तिने मुलाला छातीशी धरलं आणि थोपटत राहिली. गाय थोडा वेळ पाहून निघून गेली. चाचाने सांधा अलगद उचकटून पाहिला. सरस निम्मा वाळला होता आणि खपलीसारखा सुटला होता. आता तो सगळा खरवडून, दोन्ही तोंडं घासून पहिल्यापासून जोडावं लागणार होतं.

"चांगला सांधा घालवलात तुम्ही माझ्यापायी," ती पुटपुटली.

"सांधा परत जोडता येतो," चाचा म्हणाला. "व्यापारी आठ दिवस माझ्या नावाने बोटं मोडेल. मोडू दे." मग तो तिच्याकडे वळून बसला. "तू कोपऱ्यावर तो पट्टा सोडलास ना, त्याचा आवाज इथवर आला. माझे डोळे अधू झालेत, कान अजून शाबूत आहेत; लेकराच्या टोपऱ्याचं गावातलं बोलणंही त्यांवर आलंय. बेटा, सुतळी दिसायला वाईटच असते. एवढं देखणं वाद्य, आणि त्याला भाऱ्यासारखं बांधलेलं कुणाला आवडेल? सोडून दाखवली की लोक खूश होतात. पण खूश होऊन ते घरी जातात. सांधा माझ्याजवळ राहतो. आणि आणखी एक. सुतळी घट्ट असते म्हणून सांधा धरतो, असं पोरं समजतात. तसं नसतं. ती मधे सुटत नाही, म्हणून धरतो."

तिने अन्वयचे चिकटलेले केस मागे सारले. मग म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे, चाचा. मान आखडलीय हे मला तीन महिने कळलंच नाही. कुणी विचारलं की तेच आठवतं."

"झालं असेल तुझ्यामुळे, नसेलही. हा सांधा आज माझ्यामुळे सुटला. म्हणून काय मी सुतळी फेकून रडत बसू?"

"आणि आता उशीर झाला असेल तर?"

"ते मला कसं ठाऊक असणार?" चाचा म्हणाला. "मी तंबोरे करतो. दिवस किती आहेत हातात?"

"आठ आठवडे."

"मग ते तरी अख्खे वापर."

तिला वाटलं होतं, गुरूकडून जाताना मन हलकं होईल. तसं काही झालं नाही. भीती होती तेवढीच होती. उलट आता तिला सबबीचाही आधार उरला नव्हता. तिने पिशवीतून हेल्मेट काढलं, आतून रुमालाने पुसलं आणि अन्वयच्या डोक्यावर बसवलं. त्याने कुरकुर केली, मग पट्टा ओढायच्या नादात रडं विसरला.

"छान टोपरं आहे," चाचा म्हणाला. "रंग जरा भडक आहे."

गल्लीच्या तोंडाशी चहाच्या गाड्यावर तो व्यापारी उभा होता. त्याने कपातून वर पाहिलं. "अहो ताई, काय झालं लेकराला? मघाशी तर चांगलं होतं!"

तिचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला. बोटांनी पट्ट्याचं टोक धरलंसुद्धा. मग ती म्हणाली, "डोकं एका बाजूने चपटं झालंय. ते भरून यावं म्हणून घातलंय. तेवीस तास घालायचं असतं, मघाशी मी काढलं होतं."

"डोक्याला हेल्मेट?" व्यापारी हसला. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं. आमची डोकी काय चौकोनी झाली?"

चौकोनी नसली तरी आतून रिकामी राहिलेली दिसताहेत, असं अगदी जिभेवर आलं होतं. ते तिने गिळलं. "नसतील," एवढंच म्हणून ती चालू लागली. पट्टा जागेवरच होता. आपण मेलो नाही, याचं तिला थोडं नवल वाटलं.

पण अवघड काम पुढेच होतं. एका बंद दुकानाच्या सावलीत उभं राहून तिने पुण्याला फोन लावला. घंटा वाजत असताना, त्यांनी उचलू नये, अशी तिने मनोमन प्रार्थनाही केली. त्यांनी उचलला.

"सर, साच्याला हात लावू नका," ती म्हणाली. "तुमची चूक नाहीये. मी काल खोटं सांगितलं. तेवीस नव्हते. पाहुणे आले की मी काढत होते. नीट हिशेब केला तर रोजचे चौदा-पंधरा तास भरतील. काही दिवस तेही नाही."

तिला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"बरं झालं आज सांगितलंत," ते म्हणाले. "उद्या मी नको तिथे कापून ठेवलं असतं. आता महिनाभर खरोखर तेवीस तास घाला, मग बघू. गेले दिवस परत मिळणार नाहीत, हे मात्र धरून चला."

"धरलंय," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा दारात चपलांचे तीन अनोळखी जोड होते. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आली बघा! आण आण, दाखवू दे नातू. अगं, तेवढं डोक्यावरचं..."

"नाही आई, ते राहू दे," ती म्हणाली, आणि मुलाला घेऊन सगळ्यांच्या मधोमध जाऊन बसली.

आपल्या माणसाला ज्याची गरज आहे, ते चारचौघांच्या नजरेखातर घटकाभर काढून ठेवण्याआधी, ती घटका कुणाच्या वाट्याची आहे एवढं तरी विचारावं.